नागोरावचं वावर

सहावीच्या इंग्रजी पुस्तकात फील्ड हा शब्द आला की देवानंदचा तास लांबायचा. पोरं खूश असायची, कारण त्या दिवशी पुढचा धडा टळायचा. खडू हातात घेऊन तो विचारायचा, सांगा बरं, फील्ड म्हणजे काय? एक म्हणायचं शेत. दुसरं म्हणायचं क्रिकेटचं ग्राउंड, सर, फिल्डिंग तिथंच लावतात. तिसऱ्याचा मामा कृषी खात्यात, तो रोज फील्डवर जायचा. कुणाच्या ताईला पाहुण्यांनी विचारलेलं असायचं, की बाई, तू पुढं कोणती फील्ड घेणार. सगळंच बरोबर. स्टाफरूममध्ये तेलुगूचे सर त्याला पोलम म्हणत, उर्दूचे सर खेत म्हणत, सरकारी कागदावर तो नुसता एक सर्व्हे नंबर असायचा, आणि देवानंदच्या गावात त्याला वावर म्हणत. बघा, एका शब्दाचा केवढा हा गोतावळा, असं म्हणून तो फळा पुसायचा. त्याच्या बापाचा अर्थ मात्र त्यानं वर्गात कधी सांगितला नाही.

बाप म्हणजे नागोराव. भीमपूरच्या पलीकडं, पैनगंगेच्या अंगाला जे गाव आहे तिथल्या भगवानरावांचा सालदार. सालदार हा वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. दर पाडव्याला बोली नव्यानं व्हायची. नागोरावच्या बाबतीत ती नुसती रीत उरली होती, कारण उभी हयात त्यानं त्या एकाच घरी काढली. आता सालदार लोकांची एक खोड असते. मालकाच्या शेताला ते आपलं वावर म्हणतात. आपल्या वावरात बोंड चांगलं धरलं. आपल्या वावरात डुकरं शिरली. देवानंद कॉलेजात जायला लागला तसा ह्या 'आपल्या'नं त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तो बोललाच.

"बाबा, पट्टा भगवानरावाचा, कापूस भगवानरावाचा. आपलं काय आहे त्याच्यात?"

नागोराव बैलाच्या गळ्यातली दोरी वळत बसला होता. त्यानं मानही वर केली नाही. "औत फिरते त्याले वावर म्हंतेत, बाप्पा. नाई फिरलं त नुसती जमीन. जमीन मालकाची हाय. ते म्या कवा नाई म्हनलं?"

पण हाच माणूस पोराला औताजवळ फिरकू द्यायचा नाही. देवानंद लहान असताना एकदा हौसेनं त्यानं वखराचं रुमणं धरलं, म्हणजे ती मागची मूठ, जी धरून गडी बैलांमागं चालतो. नागोरावनं काडकन हातावर चापट ठेवून दिली. त्यानंतर पोराला पाणी पाजलं, झाडाखाली बसवलं आणि म्हणाला, हे माह्यासंगं संपलं पायजे. पुन्हा हात लावशील त घरात घेनार नाई. देवानंदनं पुन्हा हात लावला नाही. तो शिकला, मास्तर झाला, आदिलाबादला घर केलं, आईबापांना तिकडं आणलं. रोज तामसीच्या बसनं शाळेत जायचा आणि यायचा.

त्याच्या मनात एकच गोष्ट अडकून बसलेली होती, आणि ती आजोबांची होती. त्या गावात ज्याचं शेत असेल त्याला त्याच्याच शेतात माती देतात. वर चबुतरा बांधतात, नाव कोरतात, सणावाराला नारळ ठेवतात. ज्याला शेत नाही त्याची जागा नाल्यापलीकडं. आजोबा भर पावसाळ्यात गेले. नाला उतरेना. म्हातारा अंगणात पडून राहिला आणि लोक छत्र्या घेऊन नाल्याच्या काठावर पाणी बघत उभे राहिले. पोरवयात पाहिलेलं ते दृश्य देवानंदच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. माझ्या बापाला माती मिळेल ती त्याच्या स्वतःच्या शेतात मिळेल, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

म्हणून त्यानं तामसीच्या रस्त्याला दोन एकर घेतलं. पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, नागोरावच्या नावावर केला. जमिनीचं पासबुक आलं त्या दिवशी बापाला रिक्षातून घेऊन गेला. नागोरावनं चप्पल काढली, चार पावलं आत गेला, ढेकूळ उचलून चुरलं, हुंगलं आणि म्हणाला, "जमीन चांगली हाय." देवानंद वाट पाहत राहिला. वर्षं गेली, शेजारीपाजारी विचारायचे, नागोरावभाऊ, तुमचं वावर कुठं आहे? म्हातारा सांगायचा, वावर तिकडं गावाकडं. इकडं पोरानं जमीन घेतली. हे ऐकलं की देवानंद ताटावरून उठायचा. त्या दोन एकरांत त्यानं कधी काही पेरलं नव्हतं हे खरं, सवडच कुठं होती. कडेला चबुतऱ्यापुरता एक कोपरा मात्र त्यानं मनात आखून ठेवला होता.

माघ संपत आला होता तेव्हा एका सकाळी नागोराव उठलाच नाही. आजार नाही, दवाखाना नाही, झोपेतच गेला. घरात माणसं गोळा झाली. देवानंदचा चुलतभाऊ अमरदीप एका कचेरीत क्लार्क, असल्या वेळी सगळं अंगावर घेणारा माणूस. त्यानं तासाभरात गाडी सांगितली, पांढरं कापड आणलं, आणि जेसीबीवाल्याला फोन करून दोन एकरांत खड्डाही घ्यायला लावला.

बयनाबाई नवऱ्याच्या पायाशी बसून होती. एक हात त्याच्या पावलावर. रडून झालं होतं. फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं तशी ती म्हणाली, "तिथं नोका नेऊ. त्याईले त्याईच्या वावरात न्या."

देवानंदला कळलं होतं. तरी रागानं त्यानं विचारलं, "कोनाच्या वावरात, माय?"

"भगवानरावाच्या. आनखी कोनतं हाय त्याईचं? मंधात ठेवा म्हनले. कडेच्या धुऱ्यावर नाई, मंधात. पोळ्याच्या दिवशी बोलले होते मले."

अमरदीपनं फोन खिशात ठेवला. "काकू, आपन एवढं शिकलो, सवरलो. आता मेल्यावरबी त्याईच्याच पुढं हात पसरायचा काय? पट्ट्याची जमीन हाय आपली. काकाच्या नावाची."

देवानंदच्या मनातलंच तो बोलला होता. बापाचा असा संताप त्याला आयुष्यात आला नव्हता, आणि तोही बाप समोर पांढऱ्या कापडात निजलेला असताना. एवढं केलं तुझ्यासाठी, आणि शेवटी पुन्हा त्याच दारात धाडतोस मला, असं त्याला ओरडावंसं वाटलं. शीतलनं, त्याच्या बायकोनं, त्याच्या पाठीवर हात ठेवला तो त्यानं झटकला.

"म्या काई मागितलं नाई तुले," बयनाबाई म्हणाली. "त्याईनंबी नाई. शिकवलं, म्हातारपनी खाल्लं ते तुह्या हातचं, पन मागून नाई खाल्लं. हे एकच मागून राह्यले. तुले नाई जमत त मी जातो."

देवानंदनं मोटारसायकलची किल्ली घेतली. गाडी मागून येऊ द्या, एवढंच अमरदीपला म्हणाला. गावापर्यंतचा रस्ता त्यानं कसा काढला ते त्याला पुढं आठवलं नाही. भगवानराव नाही म्हणाले तर गाडी वाटेतूनच दोन एकरांकडं वळवायची, आणि नाहीच म्हणोत, असं त्याला खोल कुठंतरी वाटत होतं.

त्या घराच्या अंगणात तो कितीतरी वर्षांनी येत होता. लहानपणी तो बापाबरोबर यायचा तेव्हा गोठ्याच्या कडेला बसायचा आणि पाणी वरून ओंजळीत पडायचं. आता भगवानरावांच्या बायकोनं, रेणुकाबाईनं, ओसरीवर खुर्ची दिली, स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. तो बसला नाही. भगवानराव काठी टेकत बाहेर आले. म्हातारे झाले होते. बाप गेल्याचं ऐकलं आणि जिथं होते तिथंच पायरीवर बसले.

"बिमार होता त मले काऊन नाई सांगितलं?"

"बिमार नव्हते. झोपीतच गेले." बाप ह्या माणसाला जन्मभर मालक म्हणायचा. देवानंदनं तो शब्द तोंडातून काढायचा नाही असं वाटेतच ठरवलं होतं. "काका, माय म्हनते, बाबाले तुमच्या वावरात माती द्यायची. बाबाच म्हनून गेले म्हनते."

"दे ना," भगवानराव लगेच म्हणाले. "मोहाच्या झाडाखाली दे. सावली हाय, धुराबी रुंद हाय तिथं."

"धुऱ्यावर नाई. मंधात म्हनते माय."

आता म्हातारा काठीनं जमीन उकरत बसला. त्याची दोन्ही पोरं बाहेरगावी नोकरीला, उद्या वाटे करतील, विकतील. शेताच्या मधोमध परक्याचा चबुतरा म्हणजे काय भानगड, हे देवानंदलाही कळत होतं.

"मंधात ठिव," अखेर ते म्हणाले. "पन वर काई बांधायचं नाई. चबुतरा नाई, दगड नाई, नाव नाई. दगड बसला का वावर तुटते."

देवानंदची कानशिलं तापली. उभी हयात राबला त्या माणसाला मेल्यावर हातभर दगडही नाही. रेणुकाबाई दारातून म्हणाली, "कायचं नाव पायजे, बाप्पा? घरात आमी काय म्हंतो? नाल्याचं वावर, बरडाचं वावर, अन् नागोरावचं वावर. पोरंबी फोनवर तसंच इचारतेत. नागोरावच्या वावरात औंदा काय पेरलं, म्हनून."

देवानंदला त्याचाही रागच आला. तोंडातलं नाव फुकटात मिळतं, पट्ट्यावरचं मिळत नाही, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण गाडी निघालेली होती आणि गाडीत आई होती.

"बरं, काका," तो म्हणाला.

दुपारी माती झाली. कापसाची पऱ्हाटी उपटून नेलेली होती, वावर मोकळं पडलं होतं. गावातल्या बुद्धविहारातून माणसं आली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया आल्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. भगवानराव आणि घरची माणसं धुऱ्यावर उभी होती. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकल्यावर भगवानराव ढेकळांतून अडखळत मधोमध आले, वाकले, आणि त्यांनीही टाकली. अमरदीप दुसरीकडं बघत राहिला. देवानंद रडला नाही. सगळे म्हणाले, मास्तर मोठा धीराचा.

पुढचे दिवस तो बसनं जाताना खिडकीतून आपलं दोन एकर बघायचा नाही. जेसीबीनं घेतलेला खड्डा तिथं तसाच उघडा होता, शेजारी मातीचा ढीग. बापासाठी घेतलेली जमीन, बापासाठी घेतलेला खड्डा, आणि बाप भलत्याच ठिकाणी, नाव ना निशाणी. शाळेत कुणी विचारलं, सर, वडिलांना कुठं ठेवलं, तर तो म्हणायचा, गावाकडं.

बापाच्या नावानं पुण्यानुमोदन गावातच ठेवलं होतं. विहारात वंदना झाली, जेवणं झाली, आणि उन्हं कलल्यावर बयनाबाई म्हणाली, "चाल, वावरात जाऊन येऊ."

दोघं गेली. ट्रॅक्टरनं नांगरणी झालेली होती. काळी ढेकळं वर आली होती, उन्हात चकाकत होती. आणि बरोबर मध्ये, जिथं नागोराव होता तिथं, खाटेएवढी जागा सोडलेली. नांगराचं तास, म्हणजे ती फाळाची चर, तिथवर यायचं, बाजूनं वळसा घ्यायचं आणि पुढं जायचं. मातीचा उंचवटा जसाच्या तसा होता. कुणीतरी त्यावर झेंडूची फुलं ठेवलेली, ती सुकली होती.

देवानंद थांबला. दगड नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्यानं नांगर घालवला नव्हता. पलीकडच्या तुकड्यात भगवानरावांचा नवा गडी धोंडीबा वखर हाणत होता, आणि भगवानराव मोहाखाली बसलेले होते. ह्या दोघांना बघून ते उठून आले. देवानंद त्यांना काहीतरी चांगलं बोलणार होता. शब्द जुळवतच होता.

"हे काऊन सोडलं?" बयनाबाईनं विचारलं.

"मीच सांगितलं ट्रॅक्टरवाल्याले," भगवानराव म्हणाले. "बोलताना बोलून गेलो, पन मले नाई पटलं. त्याच्यावरून नांगर कसा घालू, बयनाबाई?"

"तुमाले नाई पटलं." बयनाबाईचा आवाज चढला नव्हता, पण देवानंदनं तिला ह्या माणसाशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "अन् पानी पडल्यावर काय होईल? गवत माजंल इथं. मंग बोरी उगवंल. मंग लोक वळसा घालून जातील, अन् वावराचं बरड होईल. त्या मानसानं तुमच्या वावरात हातभर जागा पडीत ठिवली काय कधी? मंग त्याईलेच काऊन पडीत ठिवता? धुऱ्यावर नोको, मंधात ठेवा, कायच्यासाठी म्हनले ते? औत फिरावं म्हनूनच ना."

मधोमध म्हणजे मानाची जागा, असं देवानंद इतके दिवस समजत होता. चबुतरा, नाव, कोपरा, सगळं त्याचं त्यानंच ठरवलं होतं, आणि बापाला एकदाही विचारलं नव्हतं. आता लाज वाटली ती त्याची.

बयनाबाई खाली बसली. सुकलेली फुलं तिनं गोळा करून पदरात घेतली आणि दोन्ही हातांनी उंचवटा पसरायला लागली. देवानंदही बसला. माती मऊ होती. दोघांनी मिळून ती सपाट केली.

भगवानरावांनी धोंडीबाला हाक मारली. तो वखर घेऊन आला, काय करायचं ते ऐकलं आणि कासरा सोडून दोन पावलं मागं सरला. "मालक, माह्यानं नाई होनार. मानूस हाय खाली. दुसरं काईबी सांगा."

बैल उभे होते. नागोरावनं काम सोडलं त्या साली त्यानंच आदिलाबादच्या बाजारातून पारखून आणून दिलेली ही जोडी. बयनाबाईनं एकाच्या वशिंडावर हात फिरवला आणि मग पोराकडं पाहिलं. देवानंदनं आपले हात पाहिले. खडूची बोटं मातीनं काळी झालेली.

"बाबानं हात लावू नको म्हनलं होतं, माय."

"मले ठाऊक हाय. आजच्यापुरतं धर. त्याईले मी सांगीन."

त्यानं चप्पल काढली. रुमणं धरलं. लाकूड हाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं होतं, आणि तो घाम कुणाचा हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बैल हलेनात. कसं हाकलायचं, कुठं दाबायचं, काही म्हणजे काही त्याला येत नव्हतं. तेव्हा भगवानरावांनी काठी खाली टाकली, पुढं गेले, बैलांच्या दोऱ्या हातात घेतल्या आणि वाकल्या पाठीनं चालायला लागले. मालक पुढं, आणि सालदाराचा पोरगा मागं वखरावर. धोंडीबानं डोक्यावरचं फडकं काढलं.

वखर एकदा वर उचललं गेलं, एकदा खोल रुतलं. देवानंद अंगाचा भार टाकून चालत राहिला. बाप कुठून सुरू झाला आणि कुठं संपला हे पायाला कळलं नाही, सगळी माती सारखीच लागली. पलीकडच्या टोकाला बैल थांबले तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं. जागा ओळखू येत नव्हती. नुसतं वावर होतं, ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.

बयनाबाई मागून चालत आली. तिनं तासाकडं पाहिलं, पुन्हा नीट पाहिलं.

"वाकडं गेलं," ती म्हणाली. "त्याईनं पाह्यलं असतं त शिव्या घातल्या असत्या तुले."

आणि देवानंद रडायला लागला. बाप गेल्यापासून पहिल्यांदा, रुमणं दोन्ही हातांनी धरून, लहान पोरासारखा मोठ्यानं. आईनं त्याला गप्प केलं नाही. भगवानरावांनी पाठ फिरवूनच डोळे पुसले, आणि मग कुणी न सांगता बैल माघारी वळवले.

"धर, देवानंद," ते म्हणाले. "आनखी एक तास घे. यावेळेस सरळ जाईल."